गोविंद निहलानींचं सर्वात मोठं काम 'तमस' आहे, 'अर्धसत्य' नाही: तुमचं मत काय?

सोळा_एमएम

दिग्दर्शक गोविंद निहलानींचा विषय निघाला की गप्पा लगेच 'अर्धसत्य' या त्यांच्या पोलिसांवरच्या चित्रपटावर येतात. ओम पुरीचा अनंत वेलणकर, सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी, दिलीप चित्र्यांची चक्रव्यूहाची कविता, आणि तिथेच संपतात. 'अर्धसत्य' मलाही आवडतो. पण हा माणूस ज्यासाठी घडत आला होता ते काम 'तमस' ही फाळणीवरची टीव्ही मालिका होतं, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी हा धागा.

निहलानींचा जन्म 1940चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब निर्वासित होऊन उदयपूरला आलं. पुढे बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये ते छायाचित्रणाचं शिक्षण घेऊन गुरुदत्तचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली लागले. सत्यदेव दुबेंनी 1971 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर मराठी चित्रपट केला, त्याचा कॅमेरा निहलानींचा. मग श्याम बेनेगलांबरोबर 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग'. 'जुनून'च्या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'आक्रोश', तोही 1980 साली, म्हणजे चाळिशीत. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गोष्टी टिपत राहिलेला माणूस उगाच दिग्दर्शनात येत नाही. त्याला स्वतःचं काही सांगायचं असतं.

ते 'तमस'मध्ये आलं. भीष्म साहनींची कादंबरी, 1947 सालच्या पंजाबातल्या दंगलींची. जानेवारी 1988 मध्ये ती मालिका म्हणून दूरदर्शनवर सुरू झाली. त्या दिवसांत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. रविवारी सकाळी 'रामायण' बघणारी घरं तीच, आणि शनिवारी रात्री 'तमस' लावणारीही तीच. चित्रपटगृहात 'अर्धसत्य' बघायला जाणारा प्रेक्षक तिकीट काढून, मनाची तयारी करून जायचा. 'तमस' जेवणं उरकलेल्या घरात शिरलं. आजीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे समोर होते. ज्या घरांमध्ये फाळणीचा उल्लेख टाळला जायचा तिथेही ते दिसलं. असं काम हिंदीत दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

आणि सुरुवात कशाने? एका कोंदट खोलीत नथ्थू नावाचा चामडं कमावणारा माणूस डुक्कर मारायची धडपड करतोय. पैसे मिळालेत, सांगणाऱ्यावर विश्वास आहे, पुढे त्या डुकराचं काय होणार याची कल्पना नाही. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं. ती खोली, तो घाम, ते जनावर. निहलानी घाई करत नाहीत, आपल्याला बाहेर जाऊ देत नाहीत. त्या काही मिनिटांसाठी मी अख्खा 'अर्धसत्य' बाजूला ठेवेन.

तिसरी_घंटा

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात असहमत.

'तमस' मोठं आहे यात वाद नाही. पण त्यातलं किती मोठेपण भीष्म साहनींचं? कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार 1975 साली, मालिकेच्या कितीतरी आधी मिळाला होता. नथ्थूची ती खोली कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात आहे. निहलानींनी ती उत्तम उभी केली, पण निर्माण केली नाही.

आता 'अर्धसत्य' बघा. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा. विजय तेंडुलकरांनी तिची पटकथा केली, वसंत देवांनी संवाद लिहिले, त्यात चित्र्यांची कविता आली. एका छोट्या कथेतून मुंबईचं अख्खं पोलीस ठाणं, झोपडपट्टी, निवडणूक, गुंड, सगळं उभं राहिलं. इतके वेगवेगळे हात एका सुरात आणणं, हे दिग्दर्शकाचं काम. अमरापूरकर तोवर मराठी रंगभूमीवर होते. त्यांना खुर्चीत बसवून, आवाज न चढवता रामा शेट्टी करायला लावणं, हाही दिग्दर्शकाचाच निर्णय.

शिवाय वेलणकरचा बाप. अमरीश पुरींनी केलेला तो निवृत्त हवालदार बायकोवर हात उचलतो, आणि मुलगा लहानपणी गप्प राहून बघतो. पुढे तोच मुलगा वर्दीत हात उचलतो. सत्ता घरातून पोलीस ठाण्यापर्यंत कशी चालत येते, हे मला हिंदी चित्रपटात इतकं स्पष्ट याआधी दिसलं नव्हतं. 'तमस' इतिहास सांगतं. 'अर्धसत्य' आपल्या कोपऱ्यावरच्या चौकीबद्दल बोलतो.

वाचनवेडी

तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. 'आक्रोश' तेंडुलकरांचा. 'अर्धसत्य' पानवलकर आणि तेंडुलकरांचा. 'पार्टी' महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून, पटकथाही त्यांचीच. निहलानींचे पहिल्या पाच वर्षांतले तीन भक्कम चित्रपट मराठी लेखणीवर उभे आहेत. मराठी लेखक सोबत नव्हते तेव्हा काय झालं? 'तक्षक'मध्ये रहमानचं संगीत होतं, अजय देवगण आणि तब्बू होते. 'देव'मध्ये अमिताभ आणि ओम पुरी समोरासमोर होते. ताकद सगळी होती, पण आतला पीळ नव्हता. माझ्या मते निहलानी हे उत्कृष्ट वाचक. कोणतं लेखन हाती घ्यायचं हे त्यांना कळायचं. पण श्रेय देताना लेखकाचं नाव दुसऱ्या ओळीत जातं, ते मला खटकतं.

सोळा_एमएम

ताई, 'द्रोहकाल' का वगळलात? 1994चा. कमल हासनना त्यावरून तमिळमध्ये 'कुरुतीपुनल' करावासा वाटला, इतका तो घट्ट होता. तिथे मराठी लेखक नव्हता. 'हजार चौरासी की माँ' महाश्वेता देवींची, ती बंगाली. आणि 'तमस' हिंदी कादंबरीवर, पंजाबच्या मातीतली. म्हणजे निहलानींची ताकद मराठीपुरती नाही.

तिसरी_घंटा, तुमच्या मुद्द्यावर: कादंबरीत नथ्थू बराच काळ बाजूला पडतो. मालिकेत निहलानींनी नथ्थू आणि त्याची बायको कर्मो यांचा धागा पुढे नेला, हरनामसिंग आणि बंतो या म्हाताऱ्या शीख जोडप्याच्या वाटेला आणून जोडला. दंगलीचं कारण झालेला माणूस दंगलीतच पळतोय, आणि मनात सतत तेच: हे माझ्यामुळे झालं. हा बदल पटकथेतला, आणि मालिकेचं काळीज तिथे आहे. हरनामसिंगच्या भूमिकेत खुद्द भीष्म साहनींना उभं केलं, हाही निर्णय दिग्दर्शकाचाच. लेखक स्वतःच्या पात्रात शिरून घर सोडून निघालाय, सोबत बंतो झालेल्या दीना पाठक. ते दोघं दाराला कडी लावून बाहेर पडतात तेव्हा अभिनय कुठे संपतो ते कळत नाही.

वऱ्हाडी_वकील

चित्रपटातलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण 'तमस'चा खटला वकिलीत आलेल्या प्रत्येकाने वाचायला हवा, म्हणून लिहितो.

मालिका सुरू असतानाच प्रक्षेपण थांबवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि आधी स्थगिती मिळालीही. तक्रार अशी की, यामुळे जातीय तेढ वाढेल. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बघितली आणि स्थगिती उठवली. मग सर्वोच्च न्यायालयात 'रमेश विरुद्ध भारत सरकार' हे प्रकरण गेलं, आणि फेब्रुवारी 1988 मध्ये तेही फेटाळलं गेलं. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की, दंगल दाखवणं म्हणजे दंगल भडकवणं नव्हे. कोण कशी आग लावतं हे लोकांना दिसलं तर ते सावध होतील.

आमच्या विदर्भाचा एक संबंधही यात आहे. एखाद्या कलाकृतीचा परिणाम कोणत्या माणसाच्या नजरेने मोजायचा, याचा निकष सर्वोच्च न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयाच्या 1940च्या दशकातल्या एका निकालातून घेतला. तो न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. कशातही धोका बघणारा, डळमळीत मनाचा माणूस धरायचा नाही, समंजस आणि खंबीर माणूस धरायचा. आजही एखाद्या चित्रपटावर बंदी मागितली गेली की हा मुद्दा कोर्टात निघतो. 'अर्धसत्य'ने पोलिसांच्या चित्रपटांना वळण दिलं असेल. 'तमस'ने या देशातल्या अभिव्यक्तीच्या कायद्याला वळण दिलं. माझं मत धागाकर्त्याच्या बाजूला.

कॅम्प_पाच

उल्हासनगरहून. आमचं कुटुंब सिंधी, मी शिकलो मराठीत. आजोबा शिकारपूरहून निघाले, कल्याणच्या छावणीत उतरले. निहलानीही सिंधचेच, म्हणून 'तमस'कडे आमच्या घरात फार आशेने बघितलं गेलं. आजोबांनी मात्र शेवटी मान हलवली. ते म्हणाले, "हे पंजाबचं आहे. आमचं असं नव्हतं." सिंधमध्ये पंजाबइतकी कत्तल झाली नाही. आमच्यावर आली ती घर, भाषा आणि गाव जाण्याची पाळी. त्याबद्दल 'तमस' काही सांगत नाही. यात 'तमस'चा दोष नाही, मान्य. पण 'फाळणी घराघरात पोहोचली' असं सरसकट म्हणताना आमच्यासारख्यांची घरं त्यात मोजू नका.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. 'तमस'मध्ये दंगल होते कशी? मुराद अली नथ्थूला पाच रुपये देतो, डुक्कर मारलं जातं, मशिदीसमोर टाकलं जातं. वर इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्ड सगळं समजून हात बांधून बसतो. म्हणजे दंगल एका कारस्थानाची आणि एका साहेबाच्या थंडपणाची. सामान्य माणूस बिचारा. मला हे फार सोयीचं वाटतं. आजोबांच्या गावात दुकानं बळकावणारे लोक बाहेरून आले नव्हते.

सोळा_एमएम

कॅम्प_पाच, तुमच्या आजोबांचं वाक्य मी मनात ठेवेन. सरसकट लिहायला नको होतं, हे मान्य.

पण कारस्थानाबद्दल पटत नाही. रणवीर आठवतो? कोवळा मुलगा. आखाड्यातला गुरू त्याला कोंबडी कापायला लावतो, हात थरथरतात, उलटी होते, आणि ती कापल्यावरच त्याला दीक्षा मिळते. पुढे अशीच पोरं माणूस मारतात. त्यात ना मुराद अली आहे, ना रिचर्ड. ते आपल्यातलंच, आपल्या गल्लीतलं आहे.

आणि राजो. सुरेखा सिक्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती मुसलमान बाई हरनामसिंग आणि बंतोला घरात लपवते. तिचाच नवरा लुटीची ट्रंक घेऊन येतो, आणि ती ट्रंक निघते हरनामसिंगची. कुलूप तुटत नाही म्हटल्यावर हरनामसिंग पुढे होऊन किल्ली देतो. लुटणारा नवरा पूर्वीच्या ओळखीचा, हरनामसिंगशी व्यवहार केलेला. मानही खाली घालतो आणि लूटही ठेवतो. तुमच्या आजोबांच्या गावातला दुकान बळकावणारा माणूस हाच आहे. निहलानींनी त्याला राक्षस केलं नाही, म्हणून तो जास्त बोचतो.

प्रकाशयोजना

छायाचित्रण शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने. 'तमस'चा कॅमेरा व्ही. के. मूर्तींकडे होता. शिष्याने आपल्या गुरूला आपल्या सर्वात मोठ्या कामात बोलावलं, याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. निहलानी स्वतः इतके चांगले कॅमेरामन असताना त्यांनी ती जागा मूर्तींना दिली आणि आपण नटांकडे लक्ष दिलं. 'तमस'मधले छोटे-मोठे सगळे नट एकाच पट्टीत का आहेत, याचं अर्धं उत्तर मला यात दिसतं.

तरी माझं पहिलं मत 'पार्टी'ला. एक घर, एक रात्र. विजया मेहतांच्या दमयंती राणेंकडे एका नाटककाराचा सत्कार. सगळी चर्चा ज्याच्याभोवती फिरते तो अमृत तिथे नाहीच, तो आदिवासींमध्ये काम करायला गेलाय. न आलेल्या माणसाला कॅमेऱ्याने प्रत्येक खोलीत हजर ठेवणं किती अवघड आहे, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. रोहिणी हट्टंगडींची मोहिनी बघा, ग्लास हातात घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात. संवाद एलकुंचवारांचे आहेत, पण त्या दारांमधलं अंतर निहलानींचं आहे. वाचनवेडीताईंना माझं हे उत्तर.

वाचनवेडी

'पार्टी'बद्दल मान्य. पण एलकुंचवारांनी ते नाटक लिहिलं नसतं तर ती दारं कुठे असती? मी माझ्या जागेवर आहे.

तिसरी_घंटा

सगळे प्रतिसाद वाचले. वकीलसाहेबांचा मुद्दा जड आहे. खटल्याचं महत्त्व नाकारत नाही, पण ते न्यायालयाचं मोठेपण आहे, कलाकृतीचं वेगळं मोजायला हवं.

'अर्धसत्य'चा शेवट सगळ्यांना लक्षात राहतो: वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि ठाण्यात येऊन हजर होतो. पण त्याच्या आधीचं विसरलं जातं. वेलणकरने कोठडीत एका किरकोळ आरोपीला मारता मारता ठार केलंय. निलंबन टळावं म्हणून तो रामा शेट्टीच्याच दारात मदत मागायला गेलाय. म्हणजे आपला नायक त्या क्षणी खुनी आहे आणि लाचारही. निहलानी आपल्याला त्याची बाजू घ्यायची सोय ठेवत नाहीत, आणि त्याला सोडूनही देत नाहीत. 1983 नंतर हिंदीत आणि मराठीत वर्दीतला नायक कितीतरी वेळा आला. बहुतेक ठिकाणी कोठडीतली मारहाण टाळ्यांसाठी असते. तो मेलेला चोर कोण होता, हे विचारणारा चित्रपट मला त्यानंतर क्वचितच भेटला.

फाळणीचं दुःख दाखवताना प्रेक्षक नथ्थूसाठी रडतो, राजोला मनातल्या मनात नमस्कार करतो. त्याला कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते ठाऊक असतं. वेलणकरच्या शेजारी उभं राहणं त्यापेक्षा अवघड आहे. माझा पहिला क्रमांक अजूनही 'अर्धसत्य'.