मीठ जुळलं म्हणजे मासे जुळले?

गोबीची आई:
परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं की मचूळ, म्हणजे समुद्राहून कमी खाऱ्या पाण्याचा टँक सगळ्यात सोपा. मूठभर मीठ टाका, मग फिगर-एट पफर, बंबलबी गोबी, मॉली, कुठलेही मासे एकत्र सोडा, दोन फुटी टँक पुरतो. खाली 'वा, छान माहिती'ची रांग. राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मूठभर म्हणजे कुणाची मूठ? आणि पत्रिका जुळली की संसार होतोच का? माझ्याकडे सहा गोबी होते, सोबत तीन मॉली. पाण्याची घनता (त्यावरून खारेपणा कळतो) १.००५, दर आठवड्याला मोजलेली. मारामारी नाही, रोग नाही. दीड महिन्यात चार गोबी गेले, पोट पाठीला लागून. गोबी जेमतेम चार सेंटिमीटरचा. पोटाखालच्या चकतीने काचेला चिकटून बसतो, घास समोर आला की आधी बघतो, मग पुन्हा बघतो. तोवर मॉलीने ताट साफ केलेलं असतं. उरलेले दोन मी ड्रॉपरने ब्राइन श्रिंपची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांची) पिल्लं त्यांच्या तोंडापुढे सोडून जगवले.

पफरचं तर विचारूच नका. दात जन्मभर वाढतात. कुरतडायला गोगलगायी दिल्या तरी मॉलीची शेपटी दिसली की सोडत नाही. सोबती निवडताना आधी बघा, कोण किती हावरट आहे.

शंकेखोर:
ताई, माझे गोबी तीन वर्षं साध्या नळाच्या पाण्यात आहेत. क्लोरीन घालवतो, बाकी मीठ शून्य. सोबत पफर. सगळे मजेत. जास्त लक्ष दिलं की मासे मरतात, असं माझं मत.

गोबीची आई:
बंबलबी नावाखाली दुकानात एकाहून जास्त जाती येतात, काही गोड्या पाण्यातही राहतात. तुमच्या हाती तशी लागली असेल. नशीब. पण पफरला गोड्या पाण्यात ठेवलंयत, त्याचं काय?

रेवसबंदर:
हे विकतच्या मरीन सॉल्टचे, समुद्राच्या पाण्यासारख्या तयार मिठाचे लाड कशाला? मी भरतीला कॅन घेऊन जातो, खाडीचं पाणी फुकट. मासेही तिथलेच पाळा. निवट्या ठेवा निवट्या, चिखलावर उड्या मारणारे मासे! आजोबा ओहोटीला चिखलात खांद्यापर्यंत हात घालून बिळातून काढायचे. त्या कालवणापुढे तुमचे गोबी म्हणजे वाटाण्याचे दाणे.

गोबीची आई:
पाळायचं बोलतोय आपण.

रेवसबंदर:
दोन्ही होतं. आधी पाळा.

चिखलातला:
निवटी पाळणं म्हणजे गंमत नाही. मी केलंय, लाज वाटते सांगायला. आपल्याकडची मोठी निवटी चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत. माझ्या टँकमध्ये वाळू होती. अकरा दिवस ती काचेवर तोंड घासत राहिली. बाराव्या दिवशी परत सोडून आलो. तिला अर्धी जमीन, ओली हवा, खरा चिखल, सगळं लागतं. आणि काका, पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळपास गोडं होतं. घनता मोजायचा हायड्रोमीटर लावता का कधी?

रेवसबंदर:
जीभ लावतो. चाळीस वर्षं खाडीवर काढली, आता मला काचेची नळी शिकवणार?

चिखलातला:
ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, तरी शहराचं सांडपाणी तिच्यात जातंच. त्या पाण्याला जीभ लावाल?

रेवसबंदर:
मी ठाण्याचं नाव घेतलं का? शहरवाल्यांनी घाण करायची, आणि आम्ही कॅनभर पाणी घेतलं की प्रवचन ऐकायचं. आमच्या निवट्या कमी झाल्या त्या माझ्या आजोबांनी खाल्ल्या म्हणून नव्हे, भराव घातले म्हणून. त्यावर काढा धागा.

चिखलातला:
भरावाचं खरं आहे. मान्य. जीभेचं नाही.

मांडवीकाठ:
निवट्या राहू द्या, आमचा कालुंदर बघा. निमखाऱ्या पाण्यातला अस्सल. केरळने २०१० मध्ये राज्यमासा केला, आम्ही रवा लावून तव्यावर घालतो. पोरांनी हट्ट केला म्हणून एकदा दोन पिल्लं टँकमध्ये सोडली. वीतभर झाली, झाडं सगळी खाल्ली.

गोबीची आई:
पुन्हा जेवण! त्याचा धाकटा भाऊ ऑरेंज क्रोमाइड आठेक सेंटिमीटरवर थांबतो. तो ठेवता येतो, पण अंडी घातली की अख्खा कोपरा त्याचा.

शंकेखोर:
मूळ प्रश्नावर या. खडे मीठ चालतं की नाही? मॉलीला मी तेच घालणार आहे. आयोडीनने मासे मरतात ही अफवा आहे.

गोबीची आई:
आयोडीनची अफवाच, कबूल. पण खडे मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. पाणी कठीण (हार्ड) करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम मरीन सॉल्टमधून येतं. १.००५ ला लिटरमागे साधारण सात ग्रॅम. परवडत नाही असं नसतं, आळस असतो. बरं, तुमचे गोबी नक्की किती आहेत?

शंकेखोर:
पाच आणले होते. हल्ली तीन दिसतात. दोन उडी मारून गेले असतील.

गोबीची आई:
मागच्या महिन्यात तुम्ही फोटो टाकला होता. काचेचं झाकण होतं टँकवर.

शंकेखोर:
फटीतून.

मांडवीकाठ:
पफर काय म्हणतो?

शंकेखोर:
तो गुबगुबीत आहे. थांबा, मोजतो.

शंकेखोर:
दोन.