कोडाक्रोमच्या स्लाइडी: खरा रंग की मागाहून भरलेला?

वाचनालय_आर्वी
गावच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फौजेच्या रंगीत स्लाइडी आहेत. 35 मिमी, पुठ्ठ्याच्या चौकटीत. दोन-तीनवर बुरशीचे पांढरे धागे आलेत. सोबत नेटवरून काढलेले प्रिंटही. खरे रंगीत कोणते, नंतर रंगवलेले कोणते, कसं ओळखावं? अन् स्कॅन करताना काय सांभाळावं?

काचभिंग
स्लाइड उजेडात तिरपी धरा. कोडाक्रोम (कोडाक कंपनीची जुनी रंगीत स्लाइड-फिल्म) असेल तर एका बाजूला चित्राच्या कडा बारीक उठावदार दिसतात. तीच इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची बाजू, तिला बोट नको. भिंगातून रंगांची नियमित जाळी दिसली तर ड्यूफेकलर, त्या काळची दुसरी रंगीत फिल्म.

प्रिंटचं ओळखणं जड आहे. त्या काळच्या कोडाक्रोमचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, जेमतेम 10. कडक उन्हातही लेन्सचं तोंड बरंच उघडून (एफ/5.6) सेकंदाचा 1/50 ते 1/80 लागायचा, हलणारं पुसट यायचं, म्हणून खऱ्या रंगीत फोटोंत बहुतेक उभ्या तोफा, जेवणारे शिपाई, दुरुस्तीला लागलेले रणगाडे. धुरात पळणारा शिपाई लख्ख रंगात गोठलेला दिसला की शंका घ्या. दुसरी खूण: रंगवणारा सगळी खाकी एकच करून टाकतो. खऱ्या फोटोत लोकरी बॅटलड्रेस (शिपायाचा गणवेश) तपकिरी, त्यावरचे कापडी पट्टे ब्लँको (पट्ट्यांना लावायचा रंग) लावून हिरवट, आणि एकाच तुकडीत दोघांचे पट्टे सारखे नसतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात युद्धकाळातल्या मूळ रंगीत फोटोंच्या क्रमांकाआधी ‘टीआर’ असतं, तेही पडताळा.

वऱ्हाडी_स्कॅनर
भाऊ, बुरशीले पाणी लावू नोका. बुरशी इमल्शनमधलं जिलेटिन खाते, खालचं जिलेटिन पाण्यात विरघळते, अन् चित्रच वाहून जाते. फिल्म क्लीनर अन् मऊ कापूस, तेही आधी बिनकामाच्या स्लाइडीच्या कोपऱ्यावर.

स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळ-सफाई बंद ठेवा. कोडाक्रोमचा निळसर रंग इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे मशीनले गडद जागा कचरा वाटते अन् ते पुसून टाकते. त्यापेक्षा ब्लोअरनं धूळ उडवा, 4000 डीपीआयवर (इंचाले 4000 ठिपके) घ्या, साधारण 21 मेगापिक्सेल होतात. स्कॅन निळं पडलं तर कोडाक्रोमचं वेगळं प्रोफाइल (स्कॅनरमधली रंग-जुळणी) लावा, अंदाजानं पिवळं घालू नोका.

वाचनालय_आर्वी
मग 15 ऑगस्टला प्रोजेक्टरवर दाखवायच्या की नाही?

काचभिंग
मूळ स्लाइड नको. अंधारात कोडाक्रोम दशकानुदशकं टिकतो, पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली लवकर फिकतो. स्कॅन दाखवा. 1938 आधीची स्लाइड निघाली तर तिचे रंग आधीच उडालेले असू शकतात, तो स्कॅनरचा दोष नाही.

वऱ्हाडी_स्कॅनर
अन् पेटी टिनाच्या छपराखाली ठेवू नोका. मे महिन्यात तिथं भट्टी असते. खालच्या खोलीत, लाकडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पावसाळा लागायच्या आत पुड्या वाळवून घ्या.