कोकणात वाटेत सापडलेल्या पाट्या आणि जागा : तुमचेही अनुभव लिहा

अलिबागहून रेवदंड्याला जाताना आक्षीला आम्ही कायम थेट समुद्रावरच जायचो. गेल्या पौषात गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलो, पायी फिरलो आणि तिथला शिलालेख पहिल्यांदा पाहिला. वर सूर्य-चंद्र, खाली झिजलेल्या ओळी. समोरून काहीच लागेना. ऊन कलल्यावर अक्षरांत सावली भरली आणि एकेक वळण दिसायला लागलं. प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावर शके 934, म्हणजे इ.स. 1012 वाचलंय. त्यात राजाला ‘पसीमसमुद्राधीपती’, म्हणजे पश्चिम समुद्राचा स्वामी, म्हटलंय. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा, आणि मी वीस वर्षं शेजारून गेले! तुम्हाला असं काय सापडलं? जुनी पाटी, दगड, काहीही चालेल, सविस्तर लिहा.

आमचं राजापूर. देवाचे गोठणे गावात भार्गवरामाच्या देवळामागची चढण चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर जा. कातळात माणसाची आकृती कोरलेली आहे. तिच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते, बाजूला आणलं की ताळ्यावर येते. मुलाने दहादा करून पाहिलं. बूट काढूनच जवळ जा, रेषा उथळ आहेत. 2022 पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, तरी सड्यावर त्या दिवशी आम्ही आणि गुरंच होतो.

पाटीचं म्हणाल तर गुहागरकडे एका वाडीच्या गडग्यावर चुन्याने लिहिलेली वाचली होती : ‘आधी वर बघा, मग गाडी लावा.’ वर बघितलं तर माडाला नारळांचे घोस! मालकीणबाई म्हणाल्या, सासऱ्यांनी लिहिलीय, दर दिवाळीला आम्ही तीच अक्षरं गिरवतो. तिथूनच पुढे हेदवीची बामणघळ बघा. गणपतीचं दर्शन घेऊन बरेच जण परस्पर परततात. भरतीलाच जायचं. लाट चिंचोळ्या घळीत शिरते आणि पाणी सरळ वर उसळतं. कड्याच्या टोकाला मात्र अजिबात जाऊ नका, कातळ निसरडा असतो.

रेवदंड्याजवळच्या कोर्लईचं कुणीच लिहिलं नाही? किल्ला, दीपगृह बघून लोक निघतात. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण पायथ्याच्या वस्तीत त्यांच्या भाषेतून झालेली ‘नौ लिंग’ आजही घरात बोलतात. नौ लिंग म्हणजे आमची भाषा. मी मासळी घेत होते, आजी माझ्याशी मराठीत भाव करत होत्या आणि मध्येच नातीला त्या बोलीत हाक मारली. पोरगी त्याच बोलीत उत्तर देत आतून पिशवी घेऊन आली.