भाषेच्या निवासी शिबिरात डायरी लिहू की रेकॉर्डिंग करू?

पुढच्या महिन्यात दोन आठवड्यांच्या शिबिराला चाललेय, दिवसभर नवीन भाषेतच बोलायचं असा नियम आहे. सगळं लक्षात राहावं असं खूप वाटतंय, पण लिहीत बसले तर लोकांशी बोलायचंच राहून जाईल ना? आणि रेकॉर्डिंग नंतर कोणी ऐकतं का खरंच?

उत्तर १
दोन्ही कर, थोडं थोडं. मी खिशात मावेल अशी वही ठेवायचो, जेवताना एखादा शब्द अडला की तेवढाच खरडायचा आणि झोपायच्या आधी त्यावरून पाच-सहा ओळी. उद्यावर ढकलू नकोस, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरायला होतं.

उत्तर २
रेकॉर्डिंग स्वतःचंच कर, रोज दोन मिनिटं, 'आज काय केलं' एवढंच. माझ्या पहिल्या दिवशीच्या क्लिपमध्ये शब्द शोधताना नुसती शांतता आहे, आणि बाराव्या दिवशी मी चूक झाली तरी न थांबता पुढे बोलतेय, ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं गं. दुसऱ्यांचं मात्र विचारल्याशिवाय अजिबात नको, फोन पुढे आला की मोकळं बोलणारा माणूसही जपून बोलायला लागतो. जागेची काळजी नको, १२८ केबीपीएसची (म्हणजे नेहमीच्या दर्जाची) एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण १ एमबी घेते.

प्रश्नकर्ती
खूप थँक्यू दोघांना! डायरी कुठल्या भाषेत लिहू?

उत्तर १
नवीन भाषेतच, अडलेला शब्द बिनधास्त मराठीत टाक आणि सकाळी तोच कोणालातरी विचार.