मालकांच्या नावाने येणारे बनावट मेल हेडरवरून कसे अडवायचे? (पोस्टफिक्स + डव्हकॉट)

कुपवाड_ॲडमिन, सांगली

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा मेल सर्व्हर बघतो. डेबियन १२, पोस्टफिक्स ३.७ (मेल घेणं-पाठवणं), डव्हकॉट २.३ (मेल खात्यात ठेवणं, वाचायला देणं). चाळीसेक खाती आहेत, अकाउंट्सवाले काही जण अजून पीओपी३ वर (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत).

मालकांच्या नावाने मेल येतात: "पार्टीचा खाते नंबर बदललाय, आजच आरटीजीएस करा." काहींत फ्रॉममध्ये नाव मालकांचं आणि पत्ता भलताच. काहींत पत्ताही आमच्याच डोमेनचा, फक्त रिप्लाय-टू बाहेरचा.

पोस्टफिक्सच्या हेडर_चेक्समध्ये (फ्रॉम, सब्जेक्ट अशा हेडरच्या ओळी तपासणारी यादी) दोन नियम टाकले:
१) फ्रॉममध्ये आमचं डोमेन दिसलं की रिजेक्ट
२) सब्जेक्टमध्ये "खाते बदल" असेल तर होल्ड

पहिल्यामुळे आमच्याच लोकांचे बाहेर जाणारे मेल ५.७.१ (नाकारल्याचा कोड) देऊन अडकायला लागले, म्हणून सध्या बंद केलाय. दुसरा तर एकदाही लागला नाही, लॉगमध्येही काही नाही. कुठे चुकतंय?

---

घाटमाथा, कराड

दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

हेडर_चेक्स चालवतो तो पोस्टफिक्सचा क्लीनअप प्रोसेस, आणि मेल पोर्ट २५ वरून येवो, ५८७ वरून येवो नाहीतर सर्व्हरवरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), तो क्लीनअपमधूनच जातो. बाहेरून आलेला आणि आपल्या माणसाने लॉगिन करून पाठवलेला, असा फरक त्याला कळत नाही. म्हणून मास्टर डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सच्या सर्व्हिसची फाइल) सबमिशन (५८७) आणि सबमिशन्स (४६५) या लॉगिन करून मेल पाठवायच्या दोन्ही सर्व्हिसखाली ही ओळ हवी (इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत अर्थातच रोमन अक्षरांत):

-ओ रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्स=नो_हेडर_बॉडी_चेक्स

ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडा आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला अजिबात सोडू नका. क्रॉनचे मेल सर्व्हरच्याच डोमेनवरून जात असतील तर पिकअप (सर्व्हरवरच तयार झालेले मेल उचलणारी) सर्व्हिसखालीही हीच ओळ. वेबमेल लोकलहोस्टच्या २५ वर बोलत असेल तर ते ५८७ वर लॉगिनसह वळवा, नाहीतर वेबमेलवाल्यांची तक्रार तशीच राहील.

आता सब्जेक्टचा नियम. पोस्टफिक्स हेडर डीकोड करत नाही. मराठी विषय तारेवरून येतो तो बहुतेक वेळा यूटीएफ-८ चा (अक्षरांचे बाइट) बेस६४ (बाइट इंग्रजी अक्षरं-आकड्यांत लिहायची पद्धत) करून, म्हणजे नियमाला "खाते बदल" ही अक्षरं दिसतच नाहीत. मग बेस६४ चाच पॅटर्न लिहू, असं वाटेल. तेही टिकत नाही. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचा, म्हणजे बेस६४ मध्ये नेमकी ४ चिन्हं. पण आधी एखादी स्पेस किंवा इंग्रजी आकडा आला की १ बाइट सरकतो आणि तोच शब्द पूर्ण वेगळा दिसतो. शिवाय एका एन्कोडेड तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब विषय मध्येच तुटून दोन-तीन तुकड्यांत येतो. पाठवणाऱ्याने बेस६४ ऐवजी क्यू एन्कोडिंग (तशीच दुसरी पद्धत) वापरलं तर सगळंच निराळं. मराठी मजकुरावरचा नियम या पातळीवर लिहूच नये.

आणि कुठलाही नियम आधी वॉर्नवर ठेवा. मेल जातो, लॉगमध्ये नोंद पडते. आठवडाभर लॉग बघून मगच रिजेक्ट करा. डिस्कार्ड तर नकोच: पाठवणाऱ्याला "मिळाला" असं उत्तर जातं आणि मेल गायब. उद्या खऱ्या पार्टीची पर्चेस ऑर्डर त्यात गेली तर शोधायची कुठे?

---

अजिंक्यतारा_नेट, सातारा

कराडच्या दादांनी सांगितलं ते बरोबर, पण तुमचा खरा प्रश्न दोन हेडर एकत्र बघण्याचा आहे आणि हेडर_चेक्स एका वेळी एकच हेडर बघतो. फ्रॉमला डन्नो (नियम जुळलाच नाही असं समज) दिलं म्हणजे अख्खा मेल सुटला असं होत नाही, पुढे सब्जेक्टची ओळ पुन्हा तपासली जाते. "नाव मालकांचं आणि पत्ता बाहेरचा" ही अट तिथे नीट बसत नाही. ती सिव्हमध्ये (डव्हकॉट मेल खात्यात टाकताना चालवतो ती नियमांची भाषा) लिहा. सिव्ह हेडर डीकोड करून तुलना करतो, त्यामुळे मराठी नावही पकडतो.

अट अशी: ऑलऑफमध्ये (सगळ्या अटी एकदम जुळायला हव्यात) दोन गोष्टी. हेडर :कंटेन्स लावून फ्रॉममध्ये मालकांचं नाव आहे का, आणि नॉट ॲड्रेस :डोमेन :इज लावून पत्ता आपल्या डोमेनचा नाही ना. ॲड्रेस चाचणी नाव सोडून फक्त पत्ता बघते, हेडर चाचणी पूर्ण ओळ बघते. सगळं काम या फरकावर होतं. नाव जितक्या प्रकारे लिहितात तितके यादीत टाका: मराठीत, इंग्रजीत, आडनाव आधी. मालकांचा खासगी जीमेल पत्ता असेल तर तो अपवादात घालायला विसरू नका.

स्क्रिप्ट सिव्ह_बिफोरमध्ये (लोकांच्या स्वतःच्या स्क्रिप्टआधी चालते ती जागा) ठेवा म्हणजे सगळ्या खात्यांना लागू होते. रूटने सिव्हसी चालवून आधीच कंपाइल करा, कारण त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी डिलिव्हरीच्या युजरला सहसा नसते. डव्हकॉट २.४ वर गेलात तर ही सेटिंग लिहायची पद्धत बदलली आहे, ते ध्यानात ठेवा. पोस्टफिक्स मेल थेट मेलडिरमध्ये (खात्याचं मेल फोल्डर) टाकत असेल तर सिव्ह चालणारच नाही. व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट डव्हकॉटच्या एलएमटीपीकडे (मेल खात्यात पोचवणारी सेवा) हवा आणि एलएमटीपीच्या मेल_प्लगइन्समध्ये सिव्ह हवं.

तपासायला संशयित मेल फाइलीत सेव्ह करून सिव्ह-टेस्टला द्या. मेल कुठे गेला असता ते तो छापून दाखवतो.

आपल्याच डोमेनचा पत्ता वापरणाऱ्या मेलना मात्र नियम हे उत्तर नाही, डीमार्क आहे. एसपीएफ (मेल परवानगीच्या सर्व्हरवरून आला का ही तपासणी) फक्त लिफाफ्यावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना देतात तो पत्ता बघतो, माणसाला दिसणारा फ्रॉम बघत नाही. डीमार्क त्या दोघांची सांगड घालतो. ही तपासणी करणारं आरस्पॅमडी किंवा ओपनडीमार्क लावा. ओपनडीमार्क मुळात फक्त शेरा मारतो, रिजेक्टफेल्युअर्स चालू केल्याशिवाय अडवत नाही. आणि या मिल्टरांनी (पोस्टफिक्सला जोडलेले तपासणीचे प्रोग्राम) घातलेली हेडर हेडर_चेक्सला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मिल्टर_हेडर_चेक्स वेगळं आहे.

---

कुपवाड_ॲडमिन, सांगली

सबमिशनची ओळ टाकली, बाहेर जाणारे मेल सुरळीत झाले. पहिला नियम वॉर्नवर पुन्हा चालू केला, तर लॉगमध्ये दोन गोष्टी दिसल्या: डिस्पॅचमधला स्कॅनर आणि वेबसाइटचा चौकशी फॉर्म. दोन्ही आमच्या डोमेनचा फ्रॉम लावून पोर्ट २५ वर येतात. आणि एक प्रश्न: सिव्हने मेल "संशयित" फोल्डरमध्ये टाकला तर पीओपी३ वाल्यांना दिसेल का?

---

अजिंक्यतारा_नेट, सातारा

नाही दिसणार. पीओपी३ ला फक्त इनबॉक्स माहीत. त्यांच्यासाठी फाइलइंटू (फोल्डरमध्ये टाकणं) वापरू नका, एडिटहेडर (हेडर बदलणं) वापरा: व्हेरिएबल्सने जुना विषय धरून ठेवा, डिलीटहेडर, मग पुढे इशारा जोडून ॲडहेडर. हे एक्स्टेन्शन मुळात बंद असतं, सिव्ह_एक्स्टेन्शन्समध्ये अधिकचं चिन्ह लावून चालू करावं लागतं. मराठी विषयाच्या मेलवर आधी करून बघा. हेडर बदललं की डीकेआयएम सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही) मोडते. मेल आपल्याच खात्यात राहणार असेल तर बिघडत नाही, पण पुढे फॉरवर्ड होणारी खाती यातून वगळा.

माझं मत विचाराल तर चाळीसच्या चाळीस खात्यांना इशाराच लावा. फाइलइंटूने मूळ कीप (इनबॉक्समध्ये ठेवणं) रद्द होतो आणि सिव्ह_बिफोरनंतरच्या लोकांच्या स्वतःच्या स्क्रिप्ट चालतच नाहीत. एडिटहेडरमध्ये ती अडचण नाही, शिवाय अकाउंट्सवाल्याला मेल उघडण्याआधीच इशारा दिसतो.

---

घाटमाथा, कराड

स्कॅनरला स्वतंत्र खातं काढून ५८७ वर लॉगिनने पाठवायला लावा. जुनं मशीन टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) बोलत नसेल तर मास्टर डॉट सीएफमध्ये वेगळ्या पोर्टवर एक एसएमटीपीडी (मेल घेणारा प्रोसेस) उघडा, त्याला तीच नो_हेडर_बॉडी_चेक्सची ओळ द्या आणि मायनेटवर्क्समध्ये (बिनालॉगिन मेल पाठवू शकणाऱ्यांची यादी) फक्त त्या मशीनचा आयपी ठेवा, अख्खं ऑफिसचं नेटवर्क नको. एका पीसीत व्हायरस शिरला की तोही बिनालॉगिन मेल सोडायला लागतो.

वेबसाइटचा फॉर्म होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरून येत असणार. तोही ५८७ वर लॉगिनने पाठवा. फ्रॉममध्ये वेबसाइटसाठीचा आपला पत्ता आणि रिप्लाय-टूमध्ये चौकशी करणाऱ्याचा. आता काही फॉर्म ग्राहकाचाच पत्ता फ्रॉममध्ये घालतात, तो मेल ग्राहकाच्या डोमेनच्या डीमार्कमध्ये मार खातो.

हे दोन्ही झाल्यावर वॉर्नचा लॉग पुन्हा बघा. आपला कुणी बाहेरच्या मेलिंग लिस्टवर लिहीत असेल तर त्याचाच मेल लिस्टकडून आपल्या फ्रॉमसकट परत येतो आणि नियमात सापडतो. तेवढे दिसले नाहीत तरच रिजेक्ट करा.