मदत हवी आहे: ऑलिव्हच्या रसाने किनोआवर ठिपके येतात. विषाणू कोणता, आणि यजमानांच्या यादीत काय लिहायचं?

जाळीघर_कोल्हापूर

शेडनेटमध्ये ऑलिव्हची 12 कलमं कुंडीत आहेत. दिसायला सगळी ठणठणीत. यजमान वनस्पती (विषाणू ज्यांत वाढतो त्या) तपासायला त्यांच्या पानांचा रस दुसऱ्या रोपांच्या पानांवर चोळून पाहिला: 1 ग्रॅम कोवळी पानं, 5 मिली गार फॉस्फेट बफर (0.1 मोलर, पीएच 7.2), 600 मेशचं कार्बोरंडम (पानाला बारीक ओरखडे पाडणारी भुकटी), चोळल्यावर लगेच पाण्याने धुतलं.

किनोआ: पाचव्या दिवशी करडे, मेलेले ठिपके, फक्त चोळलेल्या पानांवर.
चाकवत (मंडईतलं बी): 10 पैकी 3 रोपांवर ठिपके.
चवळी: पहिल्या खेपेला ठिपके, दुसऱ्या खेपेला कोरी.
बेंथामियाना (तंबाखूच्या कुळातलं प्रयोगशाळेतलं रोप): चोळलेलं पान जळतं, मग शेंडाही वाळतो.
बर्ली तंबाखू: ठिपके, शिवाय दोन रोपांच्या नव्या पानांवर मोझॅक.
टोमॅटो: काहीच नाही.
नुसत्या बफरचा किनोआ: 6 पैकी एका रोपावर 2 ठिपके.

किनोआच्या ठिपक्यांचा एलायझा (अँटिबॉडीने विषाणू ओळखायची चाचणी) टोबॅको नेक्रोसिस व्हायरस-डीच्या अँटिबॉडीला पॉझिटिव्ह आला. मग तेच नाव लिहून टाकू का? आणि टोमॅटो 'यजमान नाही' असं लिहिलं तर चालेल?

ठिपका

नाव लिहायची घाई करू नका. ऑलिव्हमध्ये याच गोतावळ्यातले तीन विषाणू सापडतात: टोबॅको नेक्रोसिस व्हायरस-डी, ऑलिव्ह लेटंट व्हायरस-1 आणि ऑलिव्ह माइल्ड मोझॅक व्हायरस. तिघेही गोल, साधारण 30 नॅनोमीटरचे, आरएनए एकपदरी, सुमारे 3.7 हजार न्यूक्लिओटाइड लांब. किनोआवर तिघांचे ठिपके शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक करता येत नाही.

गोम पुढे आहे. माइल्ड मोझॅक हा बाकी दोघांच्या संकरातून आलेला दिसतो. त्याचं पॉलिमरेज (आरएनएच्या नकला काढणारं प्रथिन) लेटंट-1 शी जुळतं आणि आवरणाचं प्रथिन नेक्रोसिस-डीशी. एलायझा आवरण ओळखतो, त्यामुळे तुमची अँटिबॉडी दोघांनाही 'हो' म्हणणार. उलट, नुसत्या पॉलिमरेजच्या जनुकाचे प्रायमर वापरून आरटी-पीसीआर (आरएनएचा ठरावीक तुकडा वाढवून ओळखायची चाचणी) केलं तर माइल्ड मोझॅकलाच लेटंट-1 समजून बसाल. पॉलिमरेज आणि आवरण या दोन्ही जनुकांचे तुकडे पीसीआरने वाढवा आणि सिक्वेन्स करून घ्या, त्याशिवाय नाव लिहू नका.

निपाणीवाला

मला तंबाखूवरचा मोझॅक खटकतोय. नेक्रोव्हायरस (वरच्या तिघांचा गट) बर्लीवर बहुधा चोळलेल्या पानातच अडकतात, नव्या पानांवर हिरवट-पिवळा मोझॅक करत नाहीत. हे टोबॅको मोझॅक व्हायरसचं लक्षण वाटतं. पाणी घालणाऱ्याच्या हाताला मळलेला तंबाखू असतो का बघा. आपल्याकडे हा धोका कागदावरचा नाही. पुडीतल्या वाळक्या पानातही तो विषाणू जिवंत असतो. ऑलिव्हमध्येही तो सापडलेला आहे, म्हणून 'हातातून आला' हेही गृहीत धरू नका.

वेगळं करायचं असेल तर किनोआवरचा एकच सुटा ठिपका कापून नव्या किनोआवर चोळा. असं तीनदा. मग त्या रोपाची टोबॅको मोझॅकसाठी चाचणी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला तर काम सोपं: टोबॅको मोझॅक म्हणजे 300 नॅनोमीटरच्या काड्या, तुमचा म्हणजे गोळ्या. तोवर आत जाणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुऊन मलईविरहित दुधात बुडवायचे, अवजारं 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये.

नुसत्या बफरच्या रोपावर ठिपके आलेत, म्हणजे ही अख्खी खेप बाद. राग मानू नका.

जाळीघर_कोल्हापूर

राग कसला! बफरची रोपं आणि चोळलेली रोपं एकाच ट्रेमध्ये, खालून पाणी. बहुतेक तिथेच घोळ झालाय.

ठिपका

तिथेच. टोबॅको नेक्रोसिस आणि माइल्ड मोझॅक ऑल्पिडियम या मातीतल्या जिवाच्या पोहणाऱ्या बीजाणूंवर बसून मुळात शिरतात. लेटंट-1 ला तर माती-पाण्यातून शिरायला वाहकही लागत नाही. प्रत्येक कुंडीला वेगळी बशी द्या. माती 121 अंशांवर निर्जंतुक करा, 24 तासांच्या अंतराने दोनदा. उन्हात तापवलेल्या मातीवर भरवसा नको.

वाफा_क्र_4

चवळीचं उत्तर सोपं आहे. पहिली दोन साधी पानं पूर्ण उघडलेली आणि तीन पानांचा फुटवा अजून मिटलेला, तेवढेच दोन-तीन दिवस ती नीट प्रतिसाद देते. शिवाय चैत्र-वैशाखात जाळीखाली पारा 36-38 वर जातो, तिथे ठिपके कमी होतात किंवा येतच नाहीत. 20 ते 25 अंशांत ठेवा आणि चोळण्याआधी 24 तास अंधारात. किनोआ थंडीत छोट्या दिवसांमुळे लगेच फुलावर येतो आणि निबर होतो, म्हणून 16 तास दिवा. मंडईतल्या चाकवताचं बी मिसळीचं असतं, त्याला यादीत जागाच देऊ नका.

टोमॅटोबद्दल: 'लक्षण नाही' आणि 'यजमान नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या ऑलिव्हवर तरी कुठे लक्षण आहे? 14 दिवसांनी टोमॅटोचं चोळलेलं आणि न चोळलेलं पान वेगवेगळं वाटून किनोआवर परत चोळा. यादीत तीन रकाने ठेवा: चोळलेल्या पानात, अंगभर, आणि परतचाचणीत. पोलंडमध्ये लेटंट-1 टोमॅटोतच सापडलाय, तेव्हा ही ओळ चुकवू नका.

जाळीघर_कोल्हापूर

एक राहिलं. 7 नंबरच्या कलमातून काहीच येत नाही.

ठिपका

नाही आलं म्हणून निरोगी धरू नका. ऑलिव्हच्या पानात फिनॉल भरपूर. रस हवेत काळा पडला की विषाणू निकामी. हे टाळायला बफरमध्ये 2.5 टक्के निकोटिन घालतात. ते कातडीतून भिनतं आणि घातक विष आहे, म्हणून हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). पान निबर असेल तर सोडा, कळ्या किंवा अगदी नवा कोंब घ्या. पीसीआरसाठी मात्र पानाऐवजी एक-दोन वर्षांच्या काडीची साल खरवडून घ्या, विषाणू तुटपुंजा असतो.

आणि बाकाखाली लिंबाची रोपं असतील तर आजच हलवा. तुर्कस्तानात लेटंट-1 लिंबूवर्गीय झाडांतही सापडलाय, आणि ऑलिव्हच्या कुंड्यांचं पाणी थेट त्यांच्यावर गळणार.