कोकमाच्या बाटलीवर 'सिरप' लिहू की 'स्क्वॉश'?

शेवंती_कुडाळ: मंडळी मदत हवीये. गेली तीन वर्षं घरचं अमृत कोकम ओळखीत विकतेय, म्हणजे ताजी सालं आणि साखर थरावर थर घालून बरणी उन्हात ठेवायची, सुटलेला रस गाळायचा, वरून जिरं नि मीठ. आता पुण्यातला एक दुकानदार घेतो म्हणाला पण लेबल इंग्रजीत पाहिजे म्हणे. ५०० लेबलं, बजेट २००० च्या वर नाही.

बापू_सातारकर: स्क्वॉशच लिहा. सिरप म्हटलं की खोकला आठवतो. भाच्याने आवळ्याचं 'सिरप' काढलेलं तर गिऱ्हाईक विचारायचं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर 😄

निमा_न्यूजर्सी: स्क्वॉश अजिबात नको! इकडे स्क्वॉश म्हणजे भोपळा. नवीन होते तेव्हा मैत्रिणीला म्हटलं ये घरी, स्क्वॉश करते, तर ती ब्रेड घेऊन आली सूपसोबत खायला.

बापू_सातारकर: ताई, बाटली पुण्याला चाललीय, अमेरिकेला नाही.

काजूवाला: शब्दाचं सोडा, डिझाइन बघा. मी आमच्या काजूसाठी डिझायनर लावला, १८ हजार गेले पण पाकीट काय दिसतं!

शेवंती_कुडाळ: दादा बजेट वाचलंत ना 🙏

डोंगरकोल्हा: मीठ घातलं म्हणजे ते आगळ झालं, अमृत कोकम कसलं?

मालवणी_आजी: काहीही. आगळात साखर नसते बाळा, नुसता खारवलेला रस, सोलकढीला लागतो तो. चिमूटभर मिठाने आगळ होत नाही.

ब्रिक्सवाला: फूड टेक्नॉलॉजी शिकलोय म्हणून सांगतो, हे आवडीवर नाहीये. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात फळाचा अंश सगळ्यांना किमान २५ टक्के, फरक ब्रिक्सचा, म्हणजे रसात विरघळलेली साखर वगैरे किती टक्के त्याचा. स्क्वॉशला किमान ४०, क्रशला ५५, सिरपला ६५. रिफ्रॅक्टोमीटरने (ब्रिक्स मोजायचं छोटं यंत्र) मोजा आणि मग नाव ठरवा. १४ आकडी लायसन्स नंबरही लेबलवर लागेल.

गुरुजी७१: सिरप आणि आपलं सरबत मुळात भाऊभाऊच, दोन्ही अरबीतून आलेले, 'पिणे' या धातूवरून. तेव्हा सरबत लिहा आणि मोकळ्या व्हा.

ब्रिक्सवाला: गुरुजी, नियमातही ते एकाच ओळीत आहेत. सरबत लिहिलं तरी ६५ च.

पुणेरी_पाटी: माझ्या मते स्क्वॉश. सिरप म्हणजे औषध वाटतं.

बापू_सातारकर: हेच तर मी मघाशी बोललो.

शेवंती_कुडाळ: शेजारच्या मधवाल्या काकांकडे रिफ्रॅक्टोमीटर निघाला. काचेवर थेंब टाकून झाकण लावलं, उजेडाकडे धरून बघितलं, रेघ ६१ वर. त्यांच्या यंत्रात आकडेच ५८ पासून, त्यामुळे थोडक्यात वाचले.

ब्रिक्सवाला: मग बिनधास्त स्क्वॉश. नाहीतर क्रश. सिरप चालणार नाही.

निमा_न्यूजर्सी: क्रश लिहा, क्यूट वाटतं.

शेवंती_कुडाळ: सगळ्यांचे आभार, पण सिरपच ठरलं. पुढच्या बरणीत साखर वाढवून ६५ च्या वर नेते आणि मगच लेबलं छापते. कारण फोनवर ऑर्डर घेतात आमच्या सासूबाई, आणि काल त्यांना स्क्वॉश म्हणायला शिकवलं तर संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "होय होय, आमच्याकडे कोकमाची स्कॉच मिळते, घरीच काढतो." त्या माणसाने सहा बाटल्या सांगितल्यात.

बापू_सातारकर: माझ्या दोन लिहून घ्या. सिरपच्या नकोत, त्याच.

काजूवाला: लेबल कोणाकडून करताय मग?